पायरीवरचं नाव

थांबा, जरा दम खा. मी बोलतेय, तुम्ही जिच्यावर बूड टेकलंय ना, ती पायरी. दगडाला कसली छाती म्हणाल, पण माझी अजून धडधडतेय.

वर कड्यात भिक्खूंसाठी लेणी खोदली, तेव्हाचा माझा जन्म. खोदणाऱ्या पाथरवटाची बहीण त्याची शिदोरी घेऊन रोज चढायची. एकदा इथेच तिचा पाय घसरला, तो कायमचा अधू झाला.

"ताई, तू आता येऊ नकोस," भाऊ म्हणाला.

"मी नाही आले, तर दुसरी कुणी घसरेल." तिने कानातलं उतरवून दिलं आणि मला घडवून घेतलं. भावाने माझ्या पाठीवर तिचं नाव कोरलं. मला वाचता कुठे येतं? माझ्यापुरती ती ताईच.

तेव्हापासून सगळे इथेच टेकतात. सासूचे गुडघे, भावजयीचे नवे बूट, सगळं माझ्या कानावर. नजरा मात्र समोरच्या दरीकडे.

खाली वाकल्या त्या फक्त शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. जुनी लिपी शिकत होत्या. अक्षरं इतकी झिजलेली की फोटोत उमटेनात. म्हणून दर रविवारी बोट फिरवून एकेक अक्षर लावायच्या. "पाथरवटाच्या बहिणीचं दान," एका रविवारी लागलं आणि बाई एकट्याच हसल्या. "नाव पुढच्या रविवारी हं. ऊन चढलं."

मंगळवारी गवंडी आला. पाय घसरू नयेत म्हणून पायऱ्यांना छिन्नीने टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारायला. माझ्याकडे बघून करवादला, "आधीच्याने अर्धवटच टाचे मारलेत. कामचुकार मेला!" आणि छिन्नी टेकवली.

मी ओरडले हो! पण पायरीचं कोण ऐकतं?

रविवारी बाई आल्या. बोट टेकवलं, तर खाली नुसत्या खाचा. वरच्या पायरीवर गवंडी काम करत होता.

"भाऊ, इथे नाव होतं."

तो पांढराफटक पडला. गुडघे टेकून गवतात कपच्या शोधू लागला. "सिमेंटने चिकटवू का, बाई?"

बाईंनी ओंजळ पुढे केली. त्याने हाती लागलेला भुगा तीत ठेवला.

माणसं एकमेकांना बजावतात, पायरी ओळखून वाग. मला कुणी ओळखलं? पाय खुशाल द्या, त्यासाठीच तर ताईने मला दिलंय. फक्त आधी एकदा वाकून बघा.

नाव होतं ना, तिथे आता कुणाचाही पाय घसरत नाही.