तुइस्कूचे कान

बाबा बंदुकीला सायलेन्सर घ्यायला निघाले तेव्हा मी थट्टाच केली. "आता कशाला? तुमच्या कानांचा तर केव्हाच निकाल लागलाय!" त्यांना ऐकू गेलं नाही. मी तेच ओरडून सांगितलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

"माझ्यासाठी नाही गं हेल्वी," ते म्हणाले. "तुइस्कूसाठी."

तुइस्कू आमची कुत्री. एल्कच्या, म्हणजे आमच्या रानातल्या थोराड हरणाच्या, शिकारीत सगळी मदार तिच्यावर. ती भुंकून भुंकून जनावराला एका जागी थोपवून धरते आणि आपण त्या आवाजाच्या रोखाने दबकत जवळ जायचं. बार होतो तेव्हा ती समोरच, जनावराच्या पायांपाशी असते. बाबा मात्र आयुष्यभर म्हणत आले, बंदुकीचं तोंड बांधायचं हे भित्र्यांचं काम.

कुहमो गावातल्या बंदुकीच्या दुकानात दुकानदार रेइमाने सगळ्यात लांब नळकांडं बाबांपुढे केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ओइवाकाका, याच्याइतका आवाज दुसरं कुठलंच खात नाही."

"आणि झाडीत फांदीफांदीला अडकेल ते सोडवायला तू येणार का?"

रायफल त्यांनी सोबतच आणली होती. आटे जुळतात का, आपल्या गोळीच्या मापाचंच आहे ना, सगळं तपासलं. एकेक लावून रायफल खांद्याला धरून पाहिली. एकाने नळी पुढे झुकते म्हणून ते परत केलं. शेवटी निम्मं नळीवरच मागे बसणारं, आखूड, हलकं असं पसंत पडलं.

"हे लावलं तरी बार तो बारच," रेइमा ओरडला. "कानांवरची झाकणं सोडू नका!"

"माझ्या कानांत झाकायला उरलंय काय?" बाबा हसले. मला हसू आलं नाही.

गेल्या हिवाळ्यापासून तुइस्कू हाकेला येईनाशी झाली होती. "म्हातारपणी चढेल झालीय," बाबा म्हणायचे. हट्टी कुत्र्याला आमच्याकडे जी शिक्षा देतात तीच तिला मिळायची. रात्रीचं खाणं बंद, आणि गोठ्यामागे बांधून ठेवायचं. ती बिचारी मुकाट बसून राहायची.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तिने दलदलीच्या कडेला एल्क धरला. "कुठे?" बाबांनी खुणेनं विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी नीट नेम धरला. बार दबका झाला आणि एल्क कोसळला.

"किती आवाज झाला?"

मी चिमटीनं दाखवलं, एवढासा. बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "वाचले गं तिचे कान!"

मग त्यांनी हाक मारली. तुइस्कू आमच्याकडे पाठ करून एल्क हुंगत होती. दुसरी हाक मारली. ती वळली नाही.

"पुन्हा हट्ट!" बाबांनी तिला बांधायला पट्टा काढला. मी त्यांचा हात धरला. मी तिच्या अगदी मागे जाऊन वाळकी फांदी काडकन मोडली. बर्फाखालच्या उंदराची चाहूल घेणारे तिचे ते ताठ कान जरासुद्धा हलले नाहीत.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. पट्टा खाली टाकून ते वळसा घालून तिच्या समोर गेले. त्यांना पाहताच ती शेपूट हलवायला लागली. ते चिखलात गुडघे टेकून बसले आणि तिचं तोंड त्यांनी ओंजळीत धरलं.

"माफ कर गं पोरी," ते म्हणाले.

आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना आता कळत नाही. दलदलीपलीकडे उभ्या असलेल्या आमच्या शिकारीच्या टोळीतल्या माणसांनीसुद्धा ते ऐकलं आणि टोप्या काढल्या. ऐकू आलं नाही ते फक्त त्या दोघांना.