आक्काच्या दोन भाकरी

सोमवार, ५ मे २०२५. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. पुंडलिकनगरातील आमच्या घरी ग्लुकोमीटरवर माझ्या थोरल्या बहिणीच्या उपाशीपोटी साखरेचा आकडा उमटला : २४८.

माझी बहीण भामाबाई, जिला आम्ही सारे आक्का म्हणतो, चार दिवसांपूर्वी सोयगावहून आली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि स्पष्ट सांगितले की, उपाशीपोटी साखर दीडशेच्या आत आल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही.

आक्काला घाई होती. १० जुलैला, आषाढ पौर्णिमेस, वर्षावास सुरू होणार होता. वर्षावासाचे तीन महिने तिच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचे वाचन होते आणि कित्येक वर्षांपासून ते वाचन आक्काच करते. मागच्या वर्षी तिने भिंग लावून कसेबसे निभावले. यंदा अक्षरे पांगलेल्या मुंग्यांसारखी दिसू लागली होती. शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली नाही, तर वाचन शेजारच्या पारूबाईकडे जाणार होते.

"पारू वाचती म्हंजी बाजारात भाव सांगितल्यावानी," आक्का म्हणाली. "लोक ऐकायचं सोडून पिशव्या उचलतील."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या त्याच ठेवल्या आणि आहार लिहून दिला. साखर, गूळ, केळी बंद. दोन्ही वेळच्या जेवणात पालेभाजी, उसळ आणि ज्वारीच्या दोन भाकरी. अंमलबजावणी मी माझ्याकडे घेतली. मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला मनुष्य. वाळूजच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत तपासणी विभागात होतो. तयार झालेली वस्तू ठरलेल्या मापात बसते की नाही, हे पाहणे एवढेच माझे काम होते.

चहा बिनसाखरेचा झाला. संध्याकाळी आक्काला हाताला धरून कॉलनीतून फिरवू लागलो. मेथी, शेपू, मटकी यांची आवक वाढली. भाकरी मात्र आक्का स्वतःची स्वतः थापत असे. डोळ्यांना नीट दिसत नसले, तरी तिच्या हातांना त्याची गरज नव्हती.

"सुलेखाची भाकरी लई पातळ," ती माझ्या पत्नीसमोरच म्हणाली. "तोंडात गेली का नाय तेच कळत नाय."

"मग आक्का, तवा तुमच्या ताब्यात," सुलेखा म्हणाली. "माझी कंबर तेवढीच वाचेल."

जेवताना मी समोर बसून मोजत असे. आक्काने एकदाही तिसरी भाकरी घेतली नाही. तरी आकडा हटेना.

१२ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. आक्का पांढरे लुगडे नेसून सुलेखाबरोबर विहारात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर २५३ निघाली. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटतात, हे मला ठाऊक होते. मी निष्कर्ष काढला.

"आक्का, काल खीर किती घेतली?"

"घेतली नाय. वाटी आली तशी पुढच्या बाईला दिली."

"एखादा चमचा?"

तिने मान माझ्याकडे वळवली. "राजकुमार, काल पंचशील म्हणून आले. खोटं बोलणार नाही, असं त्यात म्हणत्यात. तुला ठावं हाय ना?" मग तिने पलंगाखालची पिशवी ओढली. "सोयगावची गाडी किती वाजता हाय?"

सुलेखा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"खीर त्यांनी खरंच खाल्ली नाही, मी शेजारी होते," ती म्हणाली. "आणि अहो, तुम्ही इतके दिवस भाकरी मोजताय. भाकरीकडे कधी पाहिलंत का?"

"म्हणजे?"

"आत या."

तिने दोन परातींत पीठ मळले. एकीतून भाकरीपुरता गोळा स्वतः घेतला, दुसरीतून आक्काला घ्यायला सांगितला. मी दोन्ही गोळे वजनकाट्यावर ठेवले. सुलेखाचा ऐंशी ग्रॅम, आक्काचा दोनशे दहा. शेतावर राबणाऱ्या माणसांसाठी थापायची जी सवय आक्काच्या हातांना लागली होती, ती सोयगावहून तिच्याबरोबरच आली होती. तिच्या दोन भाकऱ्यांत सुलेखाच्या पाच बसत होत्या. डॉक्टरांनी संख्या लिहिली होती. माप कोणते, हे विचारायचे मला सुचले नव्हते.

"तुला हे दिसत होतं?" मी सुलेखाला विचारले.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"नणंदेच्या ताटातली भाकरी मोठी आहे, असं भावजयीनं म्हणायचं? दाराबाहेर गेलं की चार घरी तेच बोलणं झालं असतं."

"झालंच असतं," आक्का म्हणाली. "म्याच सांगितलं असतं." आणि ती हसली. पिशवी तिने पायाने पुन्हा पलंगाखाली सारली.

मी तिची क्षमा मागितली.

"ऱ्हाऊ दे. पर एक सांगते. मला एकटीला बारकी भाकरी वाढू नका. पाव्हण्याची भाकरी बारकी झाली, म्हंजी पाव्हणा जड झाला, असं आमच्याकडं म्हणत्यात."

त्यावर सुलेखाने तोडगा काढला. त्या दिवसापासून तिघांचे पीठ एकाच परातीत मळले जाऊ लागले. गोळे सुलेखा तोडी, थापायचे आक्काने. तिघांच्या ताटात सारख्याच दोन-दोन भाकऱ्या, बाकीची जागा उसळ आणि पालेभाजीची. मोजणे मी सोडले. खाणे कमी झाल्याने साखर एकदम उतरू नये, म्हणून डॉक्टरांना फोन करून गोळ्यांविषयी विचारले. चक्कर किंवा घाम आल्यास काय करायचे, ते त्यांनी समजावले.

पहिला आठवडा कठीण गेला. "पोटात कावळं नाय, गिधाडं हिंडत्यात," असे आक्का चार वाजता जाहीर करी. मग काकडी, ताक, कधी मूठभर फुटाणे. मेअखेरीस आकडा १८५ वर आला, नंतर १६०. तिथे तो अडकला, तेव्हा सकाळचे फिरणेही सुरू केले. मला धाप लागे. आक्का थांबून माझी वाट पाही.

१२ जूनला रुग्णालयात अंतिम तपासणी होती. रक्त देऊन आम्ही बाकावर बसलो असताना पारूबाईचा फोन आला.

"आक्का, ग्रंथ माझ्याकडं आणून ठेवू का?"

"ठेव. पर उघडू नको."

फोन ठेवल्यावर पदराचे टोक तिने बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. खिडकीतून आमचे नाव पुकारले गेले. मी कागद घेऊन आलो आणि चष्मा पुसू लागलो.

"पुसत काय बसलास? वाच," आक्का म्हणाली.

उपाशीपोटी साखर : १३६.