एकट्याचा तंबू

दाजींनी नवी जीप गॅरेजात आणून लावली, तेव्हा फिटरला कोण आनंद झाला. ताईच्या लग्नापासून हा माणूस त्याच्याशी कधी धड दोन शब्द बोलला नव्हता. आता आपणहून सांगत होता, "टपावर कॅरियर बसव. तुझ्या बहिणीला डोंगरापलीकडच्या माळावर फिरवून आणतो म्हणतो."

फिटर जीव ओतून कामाला लागला. टपाच्या कडेला कॅरियरचे पाय बसवले, त्यांवर आडव्या पट्ट्या आवळल्या, बाजूला फावड्याचं ब्रॅकेट, मागे शिडी. दाजी स्टुलावर बसून नुसते बघत होते.

तंबूचं खोकं उघडलं आणि फिटर थबकला. "दाजी, हा एकट्याचा आहे. बदलून आणा."

"असू दे. ती खाली गाडीत झोपेल."

"आणि पाण्याचा कॅन एकच? तिकडे थेंब मिळत नाही म्हणतात."

"पुरेल."

फिटरने ते हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री शटर ओढण्याआधी तो एकुलता कॅन पुन्हा उचलून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बॅग घेऊन आली. पायात नवे बूट, चेहरा फुललेला. "हे म्हणाले, तू हो पुढे, मी घर बंद करून येतो."

फिटरने तिला टायरांच्या खोलीत ओढलं. "ताई, तू जाऊ नकोस."

"वेड लागलंय का तुला? इतक्या वर्षांनी कुठे नेतायत ते मला."

"पाणी एकाचं, तंबू एकाचा. यात तू कुठे आहेस, सांग ना."

ती हसायला लागली, आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

दाजी आले. फिटर किल्ली खिशात घालून जीपच्या दारापाशी उभा राहिला. 

"ताई येणार नाही, दाजी."

दाजींनी एकवार खोलीकडे पाहिलं. आवाज चढला नाही की कपाळावर आठी पडली नाही. "राहू दे तिला," ते म्हणाले, खिशातून दुसरी किल्ली काढली, त्याला हलकेच बाजूला सारलं आणि निघून गेले.

ताईने भावाला वाट्टेल ते सुनावलं. मग तोंड फिरवून बसली. दुपारी म्हणाली, "मला घरी सोड."

घराला कुलूप होतं, ते तिने आपल्याकडच्या किल्लीने उघडलं. आत तिचं कपाट सताड उघडं, रिकामं. कपडे नाहीत, चपला नाहीत, भिंतीवरचा तिचा फोटोही नाही. मागच्या अंगणातल्या पिंपातून अजून धूर येत होता. फिटरने काठीने राख ढवळली, तर वर आली तिच्या पर्सची बकलं आणि चष्म्याची वाकडी दांडी. ती परत येणार नाही असं धरूनच दाजींनी सकाळी तिचं नामोनिशाण पुसलं होतं.

ताई रडली नाही. पिंपाजवळ खाली बसली आणि बराच वेळ उठेना.

पोलिसांत कळवलं. जीप सापडली नाही, दाजीही नाहीत. ताई आता गॅरेजच्या वरच्या खोलीत राहते, बिलं बघते, गिऱ्हाइकांशी बोलतेसुद्धा. परवा टायर बदलायला आलेला एक ट्रकवाला सहज म्हणाला, गावाबाहेरच्या टेकडीवर एक जीप उभी असते, टपावर तंबू लावलेला, माणूस मात्र कधी दिसत नाही.

फिटर तडक गेला. टेकडीवर चाकांचे ताजे ठसे होते, आणि तिथून गॅरेजचं दार अगदी स्वच्छ दिसत होतं.

तेव्हापासून तो दिवसाढवळ्याही शटर अर्धंच उघडतो.