बाबांची सर्दी

लोक मला टेनिसची चॅम्पियन म्हणतात. खरी चॅम्पियन आहे बाबांची टोपी.

बाबांनी टोपीला हात लावला की मी चेंडू जोरात हाणायचा, कान धरला की समोरचीच्या डाव्या हाताला मारायचा आणि नाक चोळलं की जाळ्यापलीकडे अलगद टाकायचा. सात वर्षांची असल्यापासून माझं चेंडूकडे कमी आणि प्रेक्षकांतल्या तिसऱ्या रांगेकडे जास्त लक्ष. असं शिकवणं नियमात बसत नाही, म्हणून घरी आम्ही त्याला माया म्हणतो.

परवाच्या अंतिम सामन्यात बाबांनी नाक चोळलं. मी चेंडू अलगद टाकला. त्यांनी पुन्हा चोळलं, मी पुन्हा टाकला. समोरची बिचारी जाळ्याकडे धावून धावून मेटाकुटीला आली. आज बाबांचं डोकं भलतंच चालतंय, असं मला वाटलं. दोन तासांत करंडक माझ्या हातात होता आणि पत्रकार माझ्या भोवती.

"ही अफलातून चाल सुचली कशी?" एकाने विचारलं.

"सगळं तिच्याच डोक्यातलं हो," बाबा म्हणाले आणि शिंकले.

हॉटेलच्या खोलीत ते डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसले. मी म्हणाले, "बाबा, आज नाकाची खूण काय कामाला आली!"

"कसली खूण?" टॉवेलच्या आतून आवाज आला. "नाक गळतंय माझं सकाळपासून. नाक पुसू की खुणा करू? मला वाटलं, आज तू तुझ्याच मनाने खेळतेयस."

मला हसू यायला हवं होतं. रडू आलं. करंडकावर नाव माझं आणि डाव सर्दीचा. मला स्वतःचं काही सुचतं की नाही, हे इतकी वर्षं खेळूनही मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या सकाळी सरावाला मी बाबांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"हा काय प्रकार?"

"बसा बाबा. आजच्या दिवस."

ते कुरकुरत बसले. चेंडू फेकणाऱ्या यंत्रातून पहिला चेंडू सुटला. सवयीने मी मान वळवली, तर नुसती पाठमोरी टोपी. मग डोळे चेंडूवर ठेवून मनाला येईल तसा फटका हाणला.

"काय झालं गं?" बाबांनी भिंतीला विचारलं.

"जाळ्यात गेला."

"असला फटका मारायला कुणी सांगितलं होतं?"

"मी," मी म्हणाले, आणि पुढचा चेंडू घ्यायला उभी राहिले.