ओटीतला अर्धा दिवस

पैसा समजून मला उचलू नका, मित्रांनो. माझ्या अंगावर राजाचं तोंड नाही, नुसता आकडा आहे. मी अकोल्याच्या एका सूतगिरणीतला पितळी बिल्ला; जुना, कडेनं झिजलेला, आणि आता बटनांच्या डब्यात पडलेला.

पितळेच्या पत्र्यातून मला कापलं, वर भोक पाडलं आणि पोटावर आकडा ठोकला, तो काळ इंग्रजांचा होता. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. गिरणीच्या फाटकाशी एक लाकडी फळी होती. सकाळी भोंगा झाला की प्रत्येक बाई आपला बिल्ला त्या फळीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि घरी जाताना काढून न्यायची. वरच्या ओळीत पूर्ण दिवसाच्या बायका, खालच्या ओळीत दुपारच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या. हजेरीबाबू फळीकडे पाहूनच मजुरी मांडायचा. बाईचं तोंड त्यानं पाहिलं नाही तरी चालायचं.

मी जमुनाच्या वाट्याला आलो. ती भातकुलीकडची माळ्याची लेक. नवरा देवीदास बाजारात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक घेऊन बसायचा. जमुना गिरणीत रहाटावर सुताच्या लडी बांधायची. तिचा हात इतका चालायचा की नव्या बायकांना आधी तिच्या शेजारी उभं करत. संध्याकाळी ती मला पदराच्या गाठीत बांधायची. त्या गाठीतून मी तिचं घर पाहिलं.

तिचं पहिलं बाळंतपणही पाहिलं. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत ती कामावर आली, कारण नुसत्या वांग्या-सांभारावर घर चालत नव्हतं. तान्हा मुलगा शेजारणीकडे असायचा. संध्याकाळी मला गाठीत घ्यायची तेव्हा पदर दुधानं ओला असायचा, आणि घरी ज्याच्यासाठी ते दूध होतं तो रडून रडून झोपलेला असायचा. वाटीतलं वरचं दूध त्याला मानवलं नाही. तो सुकत गेला. एक दिवस शेजारीण त्याला घेऊन फाटकापर्यंत धावत आली, पण तोवर तो राहिला नव्हता.

म्हणून जमुनाला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती हसली कमी आणि घाबरली जास्त. सारखा पोटावर हात ठेवून बसायची. बाळ हललं की सुटकेचा श्वास टाकायची, जरा वेळ हललं नाही की देवीदासला हाक मारायची. त्याच सुमारास गिरणीत बातमी आली की नवा कायदा झाला आहे, बाळंतपणात बाईला काही आठवडे घरी बसून पैसे मिळतील. जमुनानं त्या दिवशी एकच ठरवलं. हे लेकरू मान धरेपर्यंत त्याला सोडून कुठं जायचं नाही.

सातव्या महिन्यात तिच्या खात्यातल्या बायकांनी तिची ओटी भरली. फाटकाजवळच्या निंबाखाली, दुपारच्या सुट्टीत. कोणी गहू आणले, कोणी खोबऱ्याची वाटी, आशाबाईंनी घरचा खण आणला. शेवटी खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण उठली, पार्बताबाई. बोलायला तिखट, तिच्या शिव्या ऐकून नव्या बायका रडायच्या. तिनं रिकामी ओंजळ जमुनाच्या ओटीत धरली.

"माह्याजवळ नारळ नाई वो पोरी," ती म्हणाली. "मी तुह्या ओटीत अर्धा दिवस टाकते."

आजपासून दुपारी घरी जायचं, पाय वर करून पडायचं, तुझा रहाट आम्ही सांभाळतो, असं तिनं सांगितलं. साहेबाला ती आधीच विचारून आली होती. जमुना चाचरत म्हणाली, मजुरी कमी पडेल. तेव्हा आशाबाई म्हणाल्या, "दोन जिवाची झाली म्हून दोन जनींचं काम करतं काय?" सगळ्या हसल्या. आणि मित्रांनो, आमच्याकडे ओटीत पडलेलं परत करत नाहीत. तो देणाऱ्या बाईचा नाही, येणाऱ्या जिवाचा अपमान समजतात. जमुना वाकून पार्बताबाईच्या पाया पडली. पार्बताबाईनं आपल्या हातानं मला वरच्या खिळ्यावरून काढलं आणि खालच्या खिळ्यावर टांगलं.

त्या दुपारी तिच्या आयुष्यातल्या सुखाच्या होत्या. पायांची सूज उतरली. ती कुशीवर पडून पोटातल्या जिवाशी बोलायची, आणि मी उशाशी ऐकायचो. मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, आवाजाची खणखणीत. नाव ठेवलं जयवंता.

जमुना बाळंतपणाचे पैसे घ्यायला हापिसाच्या खिडकीशी गेली तेव्हा पार्बताबाई सोबत होती. बाबूनं सांगितलं, पैसे निम्मे मिळतील. आमच्या हापिसाची रीत अशी, की बाळंतपणाआधीच्या महिन्यांत जेवढी मजुरी पडली तिच्या सरासरीनं रक्कम धरायची. बिल्ला खालच्या ओळीत होता.

"काहून?" पार्बताबाई म्हणाली. "आराम तं मी देल्ला तिले. पोट अर्धं होतं काय तिचं?"

बाबू वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली. सुट्टीवर जाईपर्यंत पूर्ण दिवस भरले असते तर पूर्ण पैसे मिळाले असते, एवढंच तो हळू बोलला. पार्बताबाई जमुनाकडे वळली.

"म्या काय टाकलं वो पोरी तुह्या ओटीत?"

"आरामच टाकला, मावशी," जमुना म्हणाली. "म्हून तं लेकरू असं धडधाकट आलं."

ते खरं होतं. म्हणूनच तिला कोणावर रागावताही येईना.

पैसे संपले तेव्हा जयवंताची मान अजून लटपटत होती. देवीदास म्हणाला, शेजारीण पाहील. जमुनानं नाही म्हणून मान हलवली; पहिला मुलगा शेजारणीकडेच सुकला होता. दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन भातकुलीला गेली. तिची आई दुर्गाबाई घरी असायची, दारात शेळी होती. दिवसभर लेकीला मांडीवर घेऊन जमुना बसली आणि मग तिला आईच्या मांडीवर ठेवून उठली. परतीच्या वाटेवर तिनं पदरानं छाती घट्ट आवळून बांधली होती, त्या गाठीत मी होतो.

जयवंता जगली. शेळीच्या दुधावर वाढली, रांगली, बोलू लागली. जमुना सणासुदीला जायची, कधी पेरू, कधी झबलं घेऊन. एकदा तिनं दोन्ही हात पसरले तेव्हा पोर दुर्गाबाईच्या लुगड्यामागं लपली आणि तिलाच विचारू लागली, "माय, हे बाई कवा जाते?"

जमुना हसली. पेरूच्या फोडी करून तिथंच ठेवल्या आणि लवकर निघाली.

पुढं गिरणीत कागदी कार्डं आली, आम्ही बिल्ले निकामी झालो. फळी काढून जाळली म्हणतात. मला जमुनानं घरी ठेवून घेतलं, का ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, दमलेल्या बाईला बसायला सांगा. तिच्या हातातलं काम घ्या, जरूर घ्या. पण घेताना एवढं विचारा, की तिच्या या बसण्याची वसुली पुढं कोणाकडून होणार आहे. पार्बताबाईला विचारायचं सुचलं नाही आणि हापिसानं आपणहून सांगितलं नाही. दोघांच्या मधे एक तान्ही पोर होती. जयवंता आता दर्यापूरला नांदते. तिलाही दिवस गेले आहेत. बाळंतपणाला ती माहेरी जाणार आहे; अकोल्याला नाही, भातकुलीला. जमुना डिंकाचे लाडू करून ठेवते आहे, आणि ते तिकडे कोणाच्या हाती पाठवावेत, याची चौकशी करते आहे.