डावा पीळ

आमचे हे जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. आमच्याकडे सुतक पन्नास दिवसांचं. तोवर देवळाच्या दगडी कमानीखालून जायचं नाही. आणि देवळातल्या देवदाराला वर्षअखेरी बांधतात तो पेंढ्याचा नवा दोर तर आजच चढणार होता. चाळीस वर्षं तो यांनीच वळला. शेवटी अंथरुणावरही एकच घोर: "मित्सुए, पीळ बघ. देवाचा दोर डावा वळायचा. या पोरांचे हात शेतातल्या उजव्या पिळाला सोकावलेत."

म्हणून मी कमानीच्या अलीकडे, बर्फात उभी.

"अगं, आठ दिवसांनी ये की!" शेजारची उमेनो म्हणालीच. "देव काय पळून जातोय?"

"आणि चुकलेला दोर मग उतरवायचा कोणी? तू?"

कमानीपलीकडे तो देवदार उभा होता. आठशे वर्षांचा म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, पण अजूनही मान वर केली की माझी बोलती बंद होते. नशीब, उमेनोला हा उपाय ठाऊक नाही.

आठ जण खांद्यावर दोर घेऊन आले. पुढे कान्सुके, यांच्या हाताखाली शिकलेला. कमानीपाशी थांबून म्हणाला, "वहिनी, हात नका लावू, पण नजर घाला. नाहीतर दादा स्वप्नात येऊन झोडपतील मला."

मी बघितलं. दोर डावा, घट्ट, देखणा. तो झाडाला बांधायची एक बारीक दोरी मात्र उजवी.

"कान्सुके, ही वळताना जेवायची घाई झाली होती का रे?"

त्याचं तोंड उतरलं. तिथेच बसून, गारठलेल्या बोटांनी त्याने ती उसवली आणि पुन्हा वळली. डावी.

मग दोर देवदाराच्या कमरेला बसला. देवाला वंदन म्हणून आठ जणांच्या टाळ्या एकदम वाजल्या, दोनदा. वरून बर्फ भुरभुरला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढ्या मोठ्या झाडाला माझ्या माणसाने चाळीस वर्षं सजवलं होतं!

थोड्या वेळाने ते आठही जण कमानीबाहेर आले आणि माझ्यासमोर ओळीने वाकले. मग त्यांनी दोन टाळ्या मारल्या, तळव्यांचा आवाज होऊ न देता. गेलेल्या माणसासाठी मारतात तशा.

उमेनोनेही मान लववली. मीही हात उचलले आणि आवाज न करता दोन टाळ्या मारल्या.