बाळाच्या गादीतली बाटली

गादीवालीच्या नजरेतून आजवर एकही बाटली सुटली नव्हती. नवरा पीत होता त्या काळी बाटली लपवायला त्याने काय कमी जागा धुंडाळल्या? कापसाच्या ढिगात, पिठाच्या डब्यात, एकदा तर गिऱ्हाइकाच्या उशीत. तिने एकूण एक हुडकून मोरीत ओतली आणि त्याला कान धरून डॉक्टरीणबाईंपुढे उभा केला. म्हाताऱ्याची दारू सुटून वर्षं लोटली, तरी गल्लीत कुणाचा नवरा झुलत आला की बायका अजून हिलाच विचारायला येत, "मावशी, कुठे लपवत असेल हो?" आणि मावशी कमरेवर हात ठेवून सांगे.

अशा बाईला खोकला झाला. औषध मिळालं, दाट, गोड. चमचाभर घेतलं की अंगावर कुणी मऊ दुलई घातल्यासारखं वाटे. खोकला गेला, औषध राहिलं. पुढे चमचाही गेला आणि बाटलीच तोंडाला लागली. एकाच दुकानात किती वेळा मागायचं, म्हणून आज या दुकानातून, उद्या पलीकडच्या. "औषधच तर आहे, दारू थोडीच आहे," असं ती मनात म्हणे. तसं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यात सून बाळंत झाली, मुलगी झाली. विकतची गादी माझ्या नातीखाली घालाल तर याद राखा, असा दम देऊन गादीवालीने स्वतः कापूस पिंजला, खोळ भरली आणि बाळ घरी यायच्या सकाळी पेंगत पेंगत शेवटचे टाके घातले.

दुपारी घर माणसांनी भरलं. गादीवालीच्या घशाला मात्र कोरड पडली. ती हळूच मागच्या खोलीत आली, कापसाच्या ढिगात हात घातला. बाटली नाही. ढीग उलथापालथा केला. नाही. मग आठवलं. याच ढिगातला कापूस सकाळी खोळीत गेला होता.

ती धावत बाहेर आली. सून बाळाला पाळण्यात ठेवायला वाकलीच होती.

"थांब. ती गादी दे इकडे."

"का हो आई?"

"सरकी राहिलीय आत, बाळाला टोचेल."

"तुमच्या गादीत सरकी?" सून हसायला लागली. "बाळ शाळेत जाईल तेव्हा तिला सांगेन हे."

गादीवालीने ती मागच्या खोलीत नेऊन टाके उसवले. बाटली अख्खी निघाली. फुटली नाही, सांडलं नाही, बरं झालं, असं मनात आलं आणि झाकण फिरलंसुद्धा. बाटली ओठांशी नेता नेता तिचा हात थबकला. काच फुटली असती तर बाळाच्या पाठीचं काय, हे तिला आत्ता सुचत होतं. आधी औषध आठवलं होतं. नात मागून.

"गादीत लपवायचं मला कधी सुचलं नाही," दारातून म्हातारा म्हणाला. "उशीपेक्षा ऐसपैस."

"औषध आहे हे."

"माझंही औषधच होतं. कंबरदुखीचं."

तिने झाकण लावलं. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तू मला शिव्या द्यायची थांबलीस तेव्हापासून. घरात एवढी शांतता, म्हटलं बाईला काहीतरी झालंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या हातात दाभण असतं, अगं."

तिला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि तिचं तिलाच कळेना की आधी काय पुसावं. ती उठून मोरीकडे निघाली.

"ओतू नकोस," म्हातारा म्हणाला. "एकदम सोडल्यावर माझं काय झालं होतं, विसरलीस? संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. बाटली बरोबर घे. कान धरणार नाही, हात धरीन."

पण गादीवाली आधी सुनेकडे गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या लपवलेल्या बाटल्या चव्हाट्यावर आणल्या, आता आपली पदराखाली ठेवायला तिचं मन धजेना.

"सरकी नव्हती. ही होती," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. "आता माझ्या मांडीवर पोर देणार नसशील तर तसं सांग."

सुनेने बाटलीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "देणार. पण घेतलं असेल त्या दिवशी नाही. आणि घेतलंय का, ते मी विचारणार. खरं सांगायचं."

"सासूला अटी घालतेस?"

"कुणाच्या हाताखाली तयार झालेय मी?"

गादीवालीने नवऱ्याकडे वळून पाहिलं. तो छताकडे बघत हसत होता.

गादी पुन्हा भरली. शिवण्याआधी म्हाताऱ्याने ती इंच न् इंच दाबून पाहिली. गादीवाली म्हणाली, "दाबा, दाबा. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक."

"दोन चोर आहेत आता घरात," तो म्हणाला.

बाळाला गादीवर ठेवलं. पोरीने एकदा हातपाय ताणले आणि नवी कोरी गादी ओली करून टाकली.

"अहो, नुसते बघत काय बसलात?" गादीवाली कडाडली. "कापड आणा, ऐतोबा. जन्मभर मीच उठायचं का?"

म्हातारा उड्या मारत कापड आणायला गेला.